सेवकरामनं नाव लिहिलं की

खैरटोल्यात कुणाचं लग्न ठरलं की मुहूर्तानंतर लगेच ठरायची ती गोष्ट म्हणजे पत्रिकांवर नावं सेवकराम घालणार. गाव सानगडीपासून बैलगाडीच्या वाटेवर, मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून वसलेलं. लिहितावाचता येणारे तिथं बरेच होते, पण अक्षर म्हणावं असं अक्षर सेवकरामचंच. पिकलेल्या धानाच्या लोंबीसारखं किंचित झुकलेलं, टपोरं. आपलं नाव त्या अक्षरात आलेलं पाहून माणूस सुखावायचा. म्हातारी माणसं तर लग्न उरकल्यावरही पत्रिका भिंतीतल्या खुंटीला लावून ठेवायची.

तो सानगडीच्या राइस मिलमध्ये मुनीम होता. घरी बायको रत्नाबाई, आई गोदावरीबाई, थोडी धानाची बांधी, बांध घातलेलं शेत. आई सत्तरीपुढची, पण पहाटे तलावावरून घागर भरून आणणारी आणि गावातल्या कुणालाही तोंडावर बोलून मोकळी होणारी.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मिलच्या मालकाकडे लग्न होतं. नागपूरहून आलेल्या पाहुण्यांत पुंडलिकराव नावाचे एक गृहस्थ होते. पत्रिकेवरचं अक्षर पाहून त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" आणि सेवकरामला आपल्याजवळ बसवून घेतलं.

पुंडलिकरावांची नागपुरात विम्याची एजन्सी होती. साठी ओलांडलेल्या माणसांसाठी आजारपणाचा विमा नव्यानं निघाला होता. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, ऑपरेशन निघालं, तर खर्च कंपनी सोसणार.

"विमा विकायला दारोदार फिरलं की लोक अंगावर कुत्रं सोडतात," पुंडलिकराव म्हणाले. "म्हणून आधी पत्र टाकायचं. ज्याला नको तो गप्प बसेल. ज्याला हवं तो उत्तर धाडेल. मग त्याच्याच घरी जायचं. बोलावल्यावर गेलेला माणूस पाहुणा असतो, सेवकरामजी. तुम्ही फक्त आपल्या भागातले म्हातारे शोधा आणि त्यांची नावं या अक्षरात लिहा. छापील पत्त्याकडे कुणी बघत नाही. हाताचं अक्षर माणूस टाकून देत नाही."

कार्डं नागपूरहून छापून आली. ती जवाबी कार्डं होती. एक भाग वाचायचा, दुसरा फाडून बिनतिकिटाचा पेटीत टाकायचा. वर ठळक छापलं होतं: 'आपण साठी ओलांडली आहे. वेळ सांगून येत नाही. आपली तयारी आहे काय?' विम्याचं काय ते खाली बारीक अक्षरात. शिवाय परत आलेली कार्डं गठ्ठ्यात एकसारखी लावता यावीत म्हणून छापखान्यानं दोन्ही भागांचा एक-एक कोपरा तिरका कापला होता.

सेवकरामनं तो कोपरा दोनदा बोटानं चाचपून पाहिला. पुढच्या वेळी पुंडलिकराव भेटले तेव्हा तो बोललाही. "साहेब, आमच्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड आलं की लोक वाचायच्या आधी आंघोळीला पाणी काढतात. कुणी गेल्याचंच असते ते."

पुंडलिकराव हसले. "अहो, ते हातानं फाडतात. हा मशीननं कापलाय. लोकांना फरक कळतो."

सेवकराम कामाला लागला. मतदारयादीत वयं होती, पण ती कुणी धडपणे सांगितलेली नव्हती. म्हणून तो बाजाराच्या दिवशी सानगडीला, कधी लाखांदूरला, कुणाच्या तरी दुकानाशी बसायचा आणि ओळखीच्यांना विचारायचा, "घरी म्हातारं कोण आहे? वय का झालं? तब्येत कशी आहे?" पावसाळ्याच्या तोंडाशी कार्डं सुटली. खैरटोल्यात ती वाटायची ती पोस्टमन नत्थूनं. सानगडीच्या पोस्टातून तो रोज सायकलवर यायचा. सेवकरामपेक्षा वयानं लहान, त्याला भाऊ म्हणणारा.

उत्तरं आली आणि ती भरपूर आली. कुणी नातवाकडून लिहवून घेतलेलं, कुणी नुसता अंगठा उठवलेला. सेवकराम सायकलवर त्यांच्या घरी जायचा. म्हातारी माणसं त्याची वाट पाहत असायची. विम्याचं त्यांना निम्मं कळायचं, पण कुणीतरी आपलं नाव लिहून आपल्याला विचारलं याचं त्यांना फार वाटायचं. गावातलीच रुखमिणी नावाची एक विधवा म्हातारी त्याला म्हणाली, "बापू, जलमात पयल्यांदा माह्या नावाचं काही आलं. आतापावेतो सारं मालकाच्याच नावानं येत होतं." तिनं ते कार्ड उशाशी ठेवलं होतं. काहींनी विमा घेतलाही. मोहाडीकडच्या एका म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन त्या विम्यावर बिनघोर पार पडलं. पण मोहाडी कुठे आणि खैरटोला कुठे! ती बातमी इकडे कुणाच्या कानी आली नाही.

दसऱ्याच्या सुमारास रुखमिणी गेली. रात्री जेवून निजली ती सकाळी उठली नाही. तिला उचलताना उशाखालून कार्ड निघालं. सुनेनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि एकदम खाली टाकून दिलं. "कोपरा पाहा," ती म्हणाली. "याचा कोपरा आधीच फाडून आला होता."

दिवाळीनंतर भजनात मृदंग वाजवणारा एक म्हातारा गेला. त्यालाही कार्ड आलं होतं. मग पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतला एक. धान कापणीचे आणि थंडीचे दिवस. अशा दिवसांत म्हातारी पानं दरवर्षीच गळतात. पण आजवर गळणाऱ्या पानांची नावं आधी कुणी लिहून काढली नव्हती.

बोलणं कुठून सुरू झालं ते कळलं नाही. सेवकराम पानठेल्यावर आला की गप्पा थांबायच्या, तो गेला की पुन्हा सुरू व्हायच्या. पोरं त्याला पाहून खेळ सोडून घरात पळायची. 'आपली तयारी आहे काय' हे शब्द बाया तलावावर कुजबुजत एकमेकींना सांगायच्या. त्या वर्षी मार्गशीर्षात गावात दोन घरी लग्नं निघाली. पत्रिका छापून आल्या आणि वाटूनही झाल्या. सेवकरामकडे कुणी आलंच नाही. नावं कुणाच्या तरी शाळकरी पोरानं वेडीवाकडी घातली होती.

रत्नाबाईला हे आधी कळलं. "आयकता का जी," ती त्याला म्हणाली, "लोकायले तुमच्या हातानं आपलं नाव नोको वाटून राहिलं."

तो तिच्यावर खेकसला. पण दुसऱ्या दिवशी नत्थूनं त्याला पाळीवर गाठलं आणि सायकलवरून न उतरताच बोलला. "भाऊ, बाकीची कार्डं टाकू नोका. लोक मले पाहून दार लावून घेऊन राहिले. घंटी वाजली का बाया आत पळतात. कोनाची मनीऑर्डर असली तरी घ्याले बाहेर येत नाहीत."

"तू तं शिकलेला आहेस ना रे नत्थू?"

"मी आहो," नत्थू म्हणाला. "पण मले रोज याच गावात यावं लागते."

तुलाराम हा सेवकरामचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं मिळून तलावात शिंगाडे तोडायचे, एकाच बाकावर शिकले, एकाच खळ्यावर धान चुरायचे. तुलारामच्या बापाला, सोमाजीला, पावसाळ्याच्या तोंडाशीच कार्ड गेलं होतं. सोमाजीनं उत्तर दिलं नव्हतं. दम्यानं त्याचा भाता चालायचा, पण विम्याबिम्याला तो हसायचा.

खळ्यावर धानाचे भारे रचलेले होते. माणसं दुपारची शिदोरी सोडून जेवायला बसली होती. सेवकराम आला तसा तुलारामनं घास खाली ठेवला.

"सेवक, तुह्या मायचं वय का झालं रे?"

"सत्तरच्या वर असन. काहून?"

"मंग तिले कार्ड कधी टाकलं?"

सेवकराम म्हणाला, "घरच्या माणसाले कार्ड कायले लागते? तिले तं मी तोंडानं सांगू शकतो."

"सांगितलं का मंग?"

सांगितलं नव्हतं. सेवकराम तसाच वळून घरी आला. वाटेत त्याला आठवलं ते त्यानं कुणालाही सांगितलं नसतं. गावातली नावं लिहिताना आईचं नाव ओघात आलं होतं. 'गोदा' एवढं लिहून त्याचा हात थांबला होता. कापलेल्या कोपऱ्याकडे त्याची नजर गेली होती आणि त्यानं ते कार्ड चुलीत घातलं होतं. का, ते त्या वेळी त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

खळ्यावरचं बोलणं त्याच्या आधी घरी पोहोचलं होतं. गोदावरीबाई सपरीत, पुढच्या पडवीत, सूप घेऊन बसली होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"माह्या नावाचं कार्ड लिव."

"माय, तू या येड्यायच्या नादी नोको लागू."

"येडे ते नाहीत, भेलेले आहेत. आन् तूबी भेलेला आहेस, मले दिसून राहिलं." तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "माह्या पोटच्या पोरानं लिवलेलं नाव मले खाईन का? लिव. पोस्टात टाक. नत्थूले म्हन, बाराच्या उन्हात सगळ्यायच्या समोर आणून दे."

त्यानं लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

कार्ड आलं त्या दिवशी आंगणाबाहेर निम्मं गाव उभं होतं. नत्थूनं ते दोन बोटांत धरून पुढे केलं. म्हातारीनं ते ऐटीत घेतलं, रत्नाबाईकडून मोठ्यानं वाचून घेतलं, जवाबी भागावर अंगठा उठवला आणि म्हणाली, "पाहा. मेली का मी? जा आता आपापल्या कामाले."

लोक गेले, पण त्यांचं पाहणं थांबलं नाही. पहाटे ती घागर घेऊन निघाली की दारं किलकिली व्हायची. ती तलावावरून परत आली की पुन्हा लागायची. तिला चालताना ठेच लागली तरी दुपारपर्यंत ती गावभर व्हायची. सेवकराम मिलमध्ये बसला तरी त्याचा जीव घरी असायचा. संध्याकाळी वळणावरून आंगण दिसेपर्यंत तो श्वास रोखून सायकल मारायचा. विमा, कंपनी, कार्ड, कशाचा कशाशी संबंध नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि तरी तो आईच्या ताटात किती भात उरला ते पाहायचा.

पौषात कडाक्याची थंडी पडली. म्हातारीला आधी सर्दी झाली, मग ताप चढला, मग छाती वाजायला लागली. सेवकराम गाडी मागायला तीन घरी गेला. एकाचा बैल लंगडत होता, एकाच्या गाडीचा आक मोडला होता, एकानं आतूनच घरी नसल्याचं सांगितलं. तुलारामच्या घराजवळून जाताना त्याला आतून सोमाजीचा खोकला ऐकू आला. तिथं तो थांबला नाही.

शेवटी त्यानं आईला पाठीवर घेतलं. रत्नाबाई मागून घोंगडी धरून चालली. पाळीवर, बांधावर माणसं उभी होती. जणू प्रेतयात्राच जात होती आणि खांदा द्यायला कुणी पुढे येत नव्हतं. सानगडीला एसटी मिळाली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, सुया सुरू केल्या. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं, असंही ते म्हणाले.

म्हातारी वाचली. ताप उतरल्यावर पहिलं वाक्य बोलली ते चहात साखर कमी असल्याचं. सेवकराम खाटेच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकून रडला. आता सगळं मिटेल, असं त्याला वाटलं. आई चालत गावात शिरेल, लोक डोळ्यांनी पाहतील, आणि हे खूळ संपेल.

ती चालतच शिरली. वेशीजवळ बसलेली माणसं तिला पाहून उठून उभी राहिली. कुणी 'आलात का' म्हटलं नाही. एका बाईनं लेकराचं तोंड पदरानं झाकलं. घरी पोहोचल्यावर शेजारणीनं कुंपणाआडून रत्नाबाईला सांगितलं: सोमाजी परवा गेला.

तुलाराम आला तेव्हा त्याचं डोकं तासलेलं होतं. मागे बरेच जण होते. काहींच्या हातात बैलगाडीच्या उभाऱ्या, जाड दांडकी, होती. पोलीस पाटीलही होता, पण तो सगळ्यांच्या मागे.

"सेवक," तुलाराम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच सेवकरामला जास्त भीती वाटली. "तुह्या मायच्या दारात आलेलं मरण तू माह्या बापाच्या दारात नेऊन टाकलं. नाव तं त्याचंबी लिवलेलंच होतं. बदलाले का लागते तुले?"

"तुलाराम, अरे, तू तं मले लहानपणापासून..."

"तेच तं. तुले माहीत होतं माह्यं घर कोनतं आहे ते."

गोदावरीबाई भिंतीला धरून उठली. "तुह्या बापाले दम्यानं नेलं, लेकरा. मले डॉक्टरनं वाचवलं. आमाले कोनी गाडी देली असती तं तुह्या बापालेबी त्याच गाडीत..." तिला खोकल्याची उबळ आली. तुलारामच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर कोनाकोनाले वाचवते? ज्याचं नाव खोडलं त्याले!"

उभाऱ्या पुढे सरकल्या. तेव्हा पाटील मध्ये आला. "थांबा! सेवक, असं कर. तुह्याजवळ उरलेली कार्डं असतील थे पाळीवर आन आन् समद्यायसमोर जाळून टाक. लोकायचं मन शांत होईन. प्रकरन इथंच संपवू."

"जाळू नोको, बापू," म्हातारी म्हणाली. "जाळलं का तूच कबूल केलं."

सेवकरामनं आईकडे पाहिलं. तिनं अजून भिंत सोडली नव्हती. तिच्यामागे रत्नाबाई उंबऱ्यात हात आडवा लावून उभी होती, जणू त्या हातानं काही अडणार होतं. तो आत गेला आणि कार्डांचे गठ्ठे घेऊन आला.

पाळीवर कागद पटकन पेटला. माणसं गोल करून उभी होती. शेवटचं कार्ड काळं पडेपर्यंत कुणी हललं नाही. मग बायजाबाई नावाची एक थकलेली म्हातारी गर्दीतून पुढे आली, वाकली, आणि तिनं सेवकरामचे पाय धरले.

"बापू, माह्यं नाव पुसजो. नातीचं लगन पाहू दे मले."

तो दचकून मागे सरला. तिनं पाय सोडले नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याला तिची फार दया आली.

"पुसलं, आजी," तो म्हणाला. "जा तुमी."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. गोल उभ्या असलेल्या माणसांनी एकाच वेळी हात जोडले. तुलारामनंसुद्धा.

त्यानंतर कुणी त्यांच्या घरावर आलं नाही. उलट, सकाळी दारात नारळ दिसायचा. कधी कोंबडीचं पिल्लू पाय बांधून ठेवलेलं. सेवकराम रस्त्यानं निघाला की माणसं बाजूला होऊन वाकायची. म्हातारी माणसं एकेकटी यायची आणि नाव पुसायला सांगायची. तो नाही म्हणाला तर ती रडायची, हो म्हणाला तर समाधानानं जायची. शेवटी तो हो म्हणू लागला. गोदावरीबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. मिलच्या मालकानंही एके दिवशी कोरडेपणानं सांगितलं, की हमाल त्याच्यासोबत काम करायला तयार नाहीत.

एका दुपारी भय्याजी आले. भय्याजी म्हणजे गावातलं मानाचं घर, भजनाला पुढे बसणारे, भांडणं मिटवणारे. आजवर या सगळ्या प्रकारात ते एक शब्द बोलले नव्हते. सेवकरामला बरं वाटलं. हा एक तरी शहाणा माणूस, असं त्याच्या मनात आलं. रत्नाबाईनं चहा ठेवला. भय्याजींनी पिकाचं विचारलं, आईची तब्येत विचारली. रत्नाबाई आत गेली तशी मान खाली घालून म्हणाले,

"एक नाव होतं."

"तुमीबी का, भय्याजी?" सेवकराम थकून म्हणाला. "सांगा. पुसतो."

"पुसाचं नाही," भय्याजी म्हणाले. "लिवाचं आहे."

सेवकरामला आधी समजलं नाही. भय्याजी शांतपणे, एखादं बियाणं मागावं तसं, बोलत राहिले. त्यांचे काका लक्ष्मणराव. बायको नाही, लेकरू नाही. तलावाखालची बांधी त्यांच्या नावावर. म्हातारा सरत नाही. "तसंबी आता त्याचं का राहिलं आहे? एक कार्ड टाकून दे. तुह्याजवळ असतीनच लपवलेली."

सेवकरामनं त्यांना हात धरून बाहेर काढलं. भय्याजी रागावले नाहीत. "विचार करजो," एवढंच म्हणून ते चालू लागले.

तो तसाच चप्पल न घालता लक्ष्मणरावांच्या घराकडे निघाला. म्हातारा आंगणात ऊन खात बसला होता. सेवकरामला येताना पाहिलं आणि त्याच्या हातातली चिलीम गळाली. धडपडत आत जाऊन त्यानं कडी लावली.

"लक्ष्मणराव, मी कार्ड घेऊन नाही आलो जी! दार उघडा."

"मी धडधाकट आहो, बापू," आतून रडवेला आवाज आला. "माह्यं नाव नोको घेऊ."

"तुमी भय्याजीपासून जपून राहा. कोनत्या कागदावर अंगठा देऊ नोका. एकटे राहू नोका. आयकून राहिले का?"

आतून नुसता रामाचा जप ऐकू येत होता, भराभर, दम लागल्यासारखा. सेवकराम दारावर थाप मारायला गेला आणि त्यानं हात मागे घेतला. प्रत्येक थापेनं आत काय होत असेल ते त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी गाव सोडलं. भंडाऱ्यात ओळखीच्या एका कापडदुकानदाराकडे त्याला काम मिळालं. गोदावरीबाई भाड्याच्या खोलीत रमली नाही, पण हळूहळू पुन्हा बोलू लागली आणि पुढे कितीतरी वर्षं जगली. पुंडलिकरावांना त्यानं कळवून टाकलं की त्या भागातून आता उत्तरं येणार नाहीत.

उन्हाळ्यात नत्थू काही कामानं भंडाऱ्याला आला. बसस्टँडवर दोघं चहाला बसले. नत्थूनंच सांगितलं. लक्ष्मणरावांनी त्या दुपारनंतर अन्न सोडलं. होळीच्या आधी गेले. बांधी भय्याजी करतात. आणि गावात म्हणतात, की सेवकरामले आता कार्डबी लागत नाही. थो स्वतः दारी येते.

सेवकरामच्या हातातला चहा निवत गेला. "मी तं त्याले वाचवाले गेलो होतो, नत्थू."

"मले माहीत आहे, भाऊ."

बस लागली. नत्थू उठला, पिशवी खांद्याला अडकवली, दोन पावलं गेला आणि परत आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"भाऊ, राग नोका मानू. माह्या मायले औंदा साठ लागले. तिचं नाव तुमी कुठं लिवलं तं नाही ना?"

सेवकरामनं हातातला कप खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला.

नत्थूच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यानं दोन्ही हात जोडले, वाकून नमस्कार केला, आणि धावत जाऊन बसमध्ये चढला.